शास्त्रज्ञ आणि वर्दी

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, त्यानंतर वर्तमानपत्रांतून आलेली काही छायाचित्रे वाचकांना आठवत असतील. वाळवंटात उभी असलेली माणसे, अंगावर लष्करी वर्दी, डोक्यावर टोपी. चेहरे मात्र सैनिकांचे नव्हते. त्यांत अब्दुल कलाम होते, आर. चिदंबरम होते. तयारीच्या काळात त्यांना लष्करी हुद्दे आणि टोपणनावेही दिलेली होती. कलाम यांचे नाव ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ आणि चिदंबरम यांचे ‘मेजर जनरल नटराज’. अमेरिकी उपग्रहांना आणि आसपासच्या लोकांना सुगावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. वेषांतर म्हणून ते सोडून देता येईल. पण शास्त्रज्ञाच्या अंगावर वर्दी चढते तेव्हा ती किती खोलवर जाते आणि पुढे उतरवता येते का, हा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याची उत्तरे देणाऱ्या माणसांच्या हकिगती एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत की एक उलगडायला घेतली की दुसरी हाती येते.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. फ्रिट्झ हाबर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत त्याने शोधली. त्यातून खत झाले, जगाची शेती पोसली गेली. त्याच अमोनियातून जर्मनीचा दारूगोळाही झाला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सुमारे दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडण्यात आला, तो हाबरच्या देखरेखीखाली. कैसरने खूश होऊन त्याला कॅप्टनचा हुद्दा दिला. त्या काळच्या जर्मनीत एका जन्माने ज्यू असलेल्या प्राध्यापकाला ही वर्दी म्हणजे केवढा मान! मे महिन्याच्या सुरुवातीला त्याची पत्नी क्लारा हिने त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवले. तीही रसायनशास्त्रातली डॉक्टरेट होती. तिच्या मरणाचे नेमके कारण कोणते, यावर इतिहासकारांत वाद आहे. हाबर लगेचच पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला, यावर वाद नाही. १९३३ साली हिटलर आला तेव्हा या कॅप्टनची सेवा कोणी आठवली नाही. संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढण्याचा हुकूम आला, हाबरने राजीनामा दिला, देश सोडला आणि जानेवारी १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला तो वारला.

हाबरच्या या विषारी वायूच्या पथकात काम केलेल्या तरुणांत जेम्स फ्रांक नावाचा पदार्थविज्ञ होता. पुढे त्याला नोबेल मिळाले. १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढण्याचा कायदा झाला, त्यात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती. म्हणजे फ्रांकची नोकरी सुरक्षित होती. त्याने ती सूट नाकारली, गोटिंगेनची खुर्ची सोडली आणि सोडत असल्याचे जाहीर केले. हा माणूस लक्षात ठेवावा. बारा वर्षांनी तो शिकागोत भेटणार आहे. एकदा सरकारी विज्ञानाची चव घेतलेला हा माणूस दुसऱ्यांदा त्या पंगतीत बसला तेव्हा अट घालूनच बसला. ती अट काय होती ते पुढे सांगतो.

त्याच १९३३ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस बर्लिनहून व्हिएन्नाला निघालेल्या जवळजवळ रिकाम्या गाडीत लिओ झिलार्ड बसला होता. जन्म बुडापेस्टचा, वय पस्तीस, राहायला भाड्याची खोली आणि दोन बॅगा कायम बांधून तयार. दुसऱ्याच दिवशी तीच गाडी माणसांनी खचाखच भरली आणि सरहद्दीवर अडवली गेली. झिलार्ड पुढे म्हणत असे की या जगात टिकायला इतरांपेक्षा फार हुशार असावे लागत नाही, एक दिवस आधी निघावे लागते.

सप्टेंबर १९३३ मध्ये तो लंडनमध्ये होता. रदरफोर्डने एका भाषणात अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ बाष्कळपणा असल्याचे सांगितले होते. झिलार्डने ते टाइम्समध्ये वाचले आणि चिडला. तज्ज्ञाने ‘हे होणारच नाही’ म्हटले की झिलार्ड चिडत असे. साउथॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नल बदलण्याची वाट पाहत असताना त्याला सुचले, की एक न्यूट्रॉन आदळून दोन सुटतील असे मूलद्रव्य सापडले तर साखळी सुरू होईल. कोणते मूलद्रव्य ते त्याला ठाऊक नव्हते. तरी १९३४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. मग त्याला भीती वाटली की पेटंट प्रसिद्ध झाले तर जर्मन लोक वाचतील. ब्रिटिश युद्धखात्याने, यात गुप्त ठेवण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही असे कळवले. शेवटी १९३६ मध्ये नौदलाने ते पेटंट गुप्त म्हणून ठेवून घेतले.

या ठिकाणी जरा थांबावेसे वाटते. अणुयुगातला विज्ञान आणि लष्कर यांचा पहिला करार हा असा झाला. लष्कराने शास्त्रज्ञाला ओढून नेले नाही. शास्त्रज्ञच आपली पुडी घेऊन लष्कराच्या दारात गेला आणि ‘एवढी सांभाळून ठेवा’ म्हणाला. हेतू अत्यंत चांगला होता. पण एखादी वस्तू लपवण्यासाठी दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवली की किल्ली आपल्याकडे राहत नाही. झिलार्डला हे समजायला नऊ वर्षे लागली.

१९३८ च्या शेवटी बर्लिनमध्ये युरेनियमचे विखंडन सापडले. मार्च १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झिलार्डने वॉल्टर झिन याच्याबरोबर पडताळून पाहिले, तर न्यूट्रॉन खरोखरच जास्त सुटत होते. त्याने सगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांना विनवले की यावर आता काही छापू नका. पॅरिसमध्ये जोलियो-क्यूरीने ऐकले नाही. एप्रिलमध्ये त्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. शास्त्रज्ञांनी आपल्या आपण, कोणत्याही सरकारच्या हुकमाशिवाय, गुप्तता पाळावी हा प्रयत्न तिथेच फसला. त्या उन्हाळ्यात झिलार्ड, सोबतीला विग्नर आणि नंतर टेलर, लाँग आयलंडवर आइन्स्टाइनकडे गेले. २ ऑगस्ट १९३९ तारखेचे रूझवेल्टला लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र त्यातून निघाले. सही आइन्स्टाइनची, मजकूर मुख्यतः झिलार्डचा. ते अध्यक्षांच्या हाती ऑक्टोबरमध्ये पडले. सरकारने समिती नेमली आणि संशोधनासाठी ६,००० डॉलर मंजूर केले! सरकारी समित्या सगळीकडे सारख्याच.

१९४२ साल उजाडले आणि सगळे काम लष्कराच्या ताब्यात गेले. जनरल लेस्ली ग्रोव्हज प्रमुख झाला. त्याला झिलार्ड पहिल्यापासून नकोसा होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याने झिलार्डला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध करावे, असे पत्र तयार केले. युद्धमंत्री स्टिमसनने नकार दिला. त्यानंतर हेर त्याच्या मागे असत. ज्याने काम सुरू करवले त्याच्यावरच पाळत. पण ग्रोव्हजच्या बाजूने पाहिले तर तो फारसा चुकत नव्हता. झिलार्ड हाताखालचा माणूस होऊच शकत नव्हता. त्याच्या लेखी प्रकल्पाचा हेतू हिटलरच्या आधी बॉम्ब करणे एवढाच होता. ग्रोव्हजच्या लेखी बॉम्ब करणे हाच हेतू होता. हिटलर असेपर्यंत दोन्ही एकच वाटत होते.

लॉस अलामोसची प्रयोगशाळा उभी राहत होती तेव्हा ग्रोव्हजची इच्छा होती की सगळे शास्त्रज्ञ लष्करी अधिकारी व्हावेत. ओपेनहायमरची त्याला तयारी होती. तो लष्करी वैद्यकीय तपासणीही करून आला. इसिडोर राबी आणि रॉबर्ट बाकर यांनी मात्र ठाम विरोध केला. हुकूम पाळणारा माणूस ‘हे सूत्र चुकले आहे, साहेब’ असे वरिष्ठाला कसे सांगणार, असा त्यांचा मुद्दा होता. बाकरने तर, प्रयोगशाळा लष्करी होईल तो दिवस माझ्या राजीनाम्याचा, असे लेखी कळवून ठेवले. शेवटी प्रयोगशाळा कागदोपत्री कॅलिफोर्निया विद्यापीठाची राहिली. वर्दी चढली नाही. पण तारेचे कुंपण, उघडली जाणारी पत्रे, खोटी नावे, हे सारे आले. माझ्या मते या विजयाने शास्त्रज्ञांचे एक नुकसानही झाले. अंगावर वर्दी नसल्यामुळे आपण स्वतंत्र आहोत, असा त्यांचा समज झाला.

अखेर १९४४ पर्यंत जर्मनीकडे बॉम्ब नाही हे उघड होऊ लागले. तेव्हा एकच माणूस विवेकाचे कारण देऊन लॉस अलामोस सोडून गेला. जोसेफ रॉटब्लाट, वॉर्सात जन्मलेला, लिव्हरपूलहून आलेला. बायको पोलंडमध्ये अडकली आणि नाझींच्या संहारात गेली. म्हणजे हिटलरचा द्वेष करायला त्याच्याइतके कारण थोड्यांना होते. मार्च १९४४ मध्ये एका जेवणाच्या वेळी ग्रोव्हज सहज बोलून गेला की या बॉम्बचा खरा उपयोग रशियनांना नमवण्यासाठी आहे, अशी रॉटब्लाटची आठवण आहे. डिसेंबरमध्ये तो निघाला. त्याच्यावर हेरगिरीचा संशय आला, आणि त्याची कागदपत्रांची पेटी प्रवासात गायब झाली ती कायमचीच. आणखी एक नाव इथेच नोंदवतो. विखंडनाचा अर्थ जिने सांगितला ती लिझे माइटनर. तिला ब्रिटिश चमूबरोबर येण्याचे आमंत्रण होते. बॉम्बशी मला काही देणेघेणे नाही असे सांगून ती स्टॉकहोममध्येच राहिली. सुरुवातीलाच नाही म्हणणाऱ्या माणसांची हकिगत अशी दोन ओळींत संपते.

झिलार्ड सोडून गेला नाही. तो आतून झगडायचे म्हणून राहिला. मार्च १९४५ मध्ये त्याने पुन्हा आइन्स्टाइनचे पत्र मिळवले. रूझवेल्टची भेट ठरण्याच्या बेतात होती, तर १२ एप्रिलला रूझवेल्ट वारला. ट्रूमनच्या कचेरीने त्याला जेम्स बर्न्सकडे पाठवले. २८ मे १९४५ रोजी झिलार्ड, हॅरल्ड युरी आणि वॉल्टर बार्टकी असे तिघे रेल्वेने साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बर्न्सच्या घरी गेले. ग्रोव्हजचे हेर अर्थात मागे होतेच. झिलार्डने सांगितले की जपानवर बॉम्ब वापरला तर रशियाबरोबर अण्वस्त्रांची शर्यत सुरू होईल. झिलार्डच्या आठवणीप्रमाणे बर्न्सचे उत्तर असे होते की दोन अब्ज डॉलर खर्च झाले आहेत, काँग्रेसला त्याचा हिशेब द्यावा लागेल. शिवाय बॉम्ब दाखवला तर रशिया युरोपात नरम येईल. तुम्ही हंगेरीचे ना, रशियनांनी तिथे कायमचे राहावे असे तुम्हाला वाटेल का, असेही त्याने विचारले. झिलार्डला त्या क्षणी हंगेरीची चिंता नव्हती. थोड्याच आठवड्यांत हा बर्न्स परराष्ट्रमंत्री झाला.

आता फ्रांकची अट. शिकागोच्या प्रयोगशाळेत येताना त्याने आर्थर कॉम्प्टनकडून वचन घेतले होते. बॉम्ब तयार होत आला आणि दुसऱ्या कोणत्याही देशाकडे तो नसेल, तर त्याच्या वापराबद्दलचे माझे मत सर्वांत वरच्या पातळीवर पोहोचवायचे. जून १९४५ मध्ये ती वेळ आली. फ्रांकच्या अध्यक्षतेखाली सात जणांनी अहवाल लिहिला; त्यांत झिलार्ड, ग्लेन सीबॉर्ग आणि यूजीन राबिनोविच होते. ११ जूनच्या त्या अहवालात म्हटले होते की अणूचे गुपित फार वर्षे टिकणार नाही, दुसरे देशही बॉम्ब करतील. पूर्वसूचना न देता जपानवर तो टाकला तर अमेरिकेवर जगाचा विश्वास राहणार नाही आणि शर्यत सुरू होईल. त्याऐवजी एखाद्या वाळवंटात किंवा ओसाड बेटावर, सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर, तो फोडून दाखवावा. दुसऱ्याच दिवशी फ्रांक आणि कॉम्प्टन वॉशिंग्टनला गेले. स्टिमसन भेटला नाही. अहवाल कचेरीत ठेवला गेला, वर कॉम्प्टनचे पत्र जोडलेले: बॉम्ब न वापरल्यास युद्ध लांबेल आणि माणसे मरतील, याचा विचार अहवालात नाही. वचन पाळले गेले. फक्त त्यासोबत विरोधी मतही जोडले गेले.

अहवाल ज्यांच्याकडे मतासाठी गेला ती शास्त्रज्ञांचीच समिती होती: ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन. १६ जूनला त्यांनी कळवले की युद्ध संपवेल असे प्रात्यक्षिक आम्हाला सुचवता येत नाही, प्रत्यक्ष लष्करी वापराला स्वीकारण्याजोगा पर्याय दिसत नाही. आणि पुढे जोडले की राजकीय व लष्करी प्रश्न सोडवण्याची आमच्याकडे काही खास पात्रता नाही. हा शेवटचा भाग विनयाचा वाटतो. पण पात्रता नाही म्हणणाऱ्यांनी सल्ला मात्र देऊन टाकला होता. विरोधाचे मत राजकारण ठरते आणि होकाराचे मत तांत्रिक सल्ला, ही गंमत आपल्याकडच्या वाचकांना नवी नसावी.

झिलार्डने मग अर्ज लिहिला. जुलैच्या सुरुवातीचा मसुदा कडक होता. सह्या कमी मिळतील असे दिसल्यावर त्याने तो सौम्य केला. १७ जुलैच्या अंतिम अर्जात मागणी एवढीच होती, की शरणागतीच्या अटी सविस्तर जाहीर केल्याशिवाय आणि जपानने त्या जाणूनबुजून नाकारल्याशिवाय बॉम्ब वापरू नये, आणि तेव्हाही नैतिक जबाबदारीचा विचार करावा. झिलार्ड धरून ७० सह्या झाल्या. लॉस अलामोसला त्याने टेलरकडे प्रत पाठवली. टेलरच्या आठवणीप्रमाणे ओपेनहायमरने त्याला, शास्त्रज्ञाने आपल्या प्रतिष्ठेचा उपयोग राजकीय मते मांडण्यासाठी करू नये, असे सांगून परावृत्त केले. तिथे अर्ज फिरला नाही. शिकागोत त्याच दिवसांत १५० जणांचे मत अजमावण्यात आले होते. लष्कराला योग्य वाटेल तसा बॉम्ब वापरावा असे म्हणणारे १५ टक्के होते. ४६ टक्क्यांना जपानमध्ये लष्करी प्रात्यक्षिक करून शरणागतीची आणखी एक संधी द्यावी असे वाटत होते. २६ टक्के अमेरिकेतच प्रात्यक्षिक करावे म्हणत होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना तो वापरायलाच नको होता. बहुमत कशाच्या बाजूने होते? ‘लष्करी प्रात्यक्षिक’ म्हणजे नेमके काय, हे प्रश्नातच संदिग्ध ठेवलेले होते. ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घेतला.

अर्जाचा प्रवास मात्र अगदी स्पष्ट आहे. तो लष्करी मार्गानेच जावा, असा आग्रह होता. ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणजे काय हे ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी कागद पुढे सरकवला आहे त्याला सांगायला नको. कॉम्प्टनकडून कर्नल निकल्सकडे, तिथून ग्रोव्हजकडे. ग्रोव्हजने तो ठेवून घेतला आणि १ ऑगस्टला स्टिमसनच्या कचेरीत पाठवला. बॉम्ब टाकण्याचा लेखी हुकूम २५ जुलैलाच निघाला होता. ट्रूमन तेव्हा पॉट्सडॅम परिषदेसाठी परदेशात होता. त्याने अर्ज पाहिला नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ऑगस्टला नागासाकी. अर्जाला कोणी फेटाळले नाही. त्याला नकार द्यावा लागण्याचीही वेळ येऊ दिली नाही.

इथपर्यंत पराभवाचीच हकिगत झाली. पण त्या शरद ऋतूत एक अजब गोष्ट घडली. अणूचे सारे काम लष्कराच्या हाती राहील असा मे-जॉन्सन कायद्याचा मसुदा घाईघाईने संमत करून घेण्याचा बेत होता. तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा सोडून वॉशिंग्टनला आले, छोट्या भाड्याच्या जागेत कचेरी थाटली, सिनेटरांना गाठून अणू म्हणजे काय ते शिकवू लागले. ग्रोव्हज ज्यांना आपल्या हाताखालचे समजत होता त्यांनी त्याचा मसुदा पाडला. १ ऑगस्ट १९४६ रोजी मॅकमहॉन कायद्यावर सही झाली आणि अणुऊर्जा नागरी आयोगाकडे गेली. डिसेंबर १९४५ मध्ये शिकागोतून ‘बुलेटिन’ निघू लागले, ज्याच्या मुखपृष्ठावर १९४७ पासून प्रलयाचे घड्याळ आले. लोक ऐकत होते, कारण ही बॉम्ब करणारी माणसे होती. त्यांच्या शब्दाला वजन आले ते त्याच कृत्यामुळे, ज्याबद्दल त्यांना बोलायचे होते. हा पेच त्या चळवळीला कधी सोडवता आला नाही. आणि नागरी आयोगाने पुढे मुख्यतः बॉम्बच बनवले.

ओपेनहायमरची पुढची कथा २०२३ च्या चित्रपटामुळे घरोघरी गेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्याच्या सल्लागार समितीने हायड्रोजन बॉम्बच्या विरोधात मत दिले. ३१ जानेवारी १९५० ला ट्रूमनने तो करण्याचा हुकूम दिला. एप्रिल-मे १९५४ मध्ये ओपेनहायमरची सुरक्षा-चौकशी झाली, टेलरने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि २९ जून १९५४ ला त्याची परवानगी काढून घेण्यात आली. त्याचा सल्लागारीचा करार दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, आपोआप संपणार होता. एका दिवसासाठी एवढा खटाटोप केला, तो धडा इतरांसाठी होता. राबीने साक्षीत अगदी हेच विचारले होते: माणूस सल्ला देण्यासाठी आहे, सल्ला नको असेल तर विचारू नका, एवढा पसारा कशाला? १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकी सरकारने तो निर्णय रद्द केला. चौकशीची पद्धत सदोष होती, असे कारण दिले गेले. ओपेनहायमर १९६७ मध्येच गेला होता.

हे केवळ भांडवलशाही देशात घडते असे मानणाऱ्यांसाठी सखारोवची हकिगत आहे. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बची मोठी चाचणी यशस्वी झाली. धक्क्याने एक सैनिक आणि गावातली एक लहान मुलगी मरण पावली होती. रात्री मेजवानी झाली. मार्शल नेडेलिनने आंद्रेई सखारोवला पहिला प्याला उचलायला सांगितले. सखारोव म्हणाला, आपले बॉम्ब आजच्यासारखेच यशस्वीपणे फुटोत, पण चाचणीच्या मैदानावर. शहरांवर कधीच नकोत. क्षणभर शांतता पसरली. मग नेडेलिनने एका म्हाताऱ्या जोडप्याचा विनोद सांगितला. तो इथे छापण्यासारखा नाही. देवा, बळ दे आणि वाट दाखव, असे म्हातारा प्रार्थनेत म्हणतो. त्यावर म्हातारी उत्तरते की तू बळापुरतेच माग, वाट मी दाखवीन. कोणी हसले नाही. सखारोवने लिहून ठेवले आहे की चाबकाचा फटका बसल्यासारखे वाटले. आम्ही शस्त्र केले, ते वापरायचे कसे यात आमचा शब्द नाही, हे त्याला आधीही माहीत होते; पण माहीत असणे आणि तोंडावर ऐकणे यात फरक असतो.

तरीही सखारोवने काम सोडले नाही. जुलै १९६१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करू नयेत अशी चिठ्ठी त्याने ख्रुश्चेवला दिली. ख्रुश्चेवने सगळ्यांसमोर त्याला झापले. त्यानंतर ३० ऑक्टोबरला फुटलेल्या ५० मेगाटनांच्या बॉम्बच्या रचनेत सखारोवचा हात होताच. १९६८ मध्ये त्याचा निबंध परदेशात छापून आला, तेव्हा कुठे त्याला गुप्त कामातून काढले. जानेवारी १९८० ते डिसेंबर १९८६ तो गोर्की शहरात नजरकैदेत होता. जोवर तो आत होता, तोवर त्याच्या निषेधाला सरकार सहन करत होते. निषेध लोकांपर्यंत गेला तेव्हा सहनशीलता संपली.

दोन्ही गोटांतल्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसावे म्हणून रॉटब्लाटने पुढचे आयुष्य घातले. ९ जुलै १९५५ ला लंडनमध्ये रसेल-आइन्स्टाइन जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यावर सही करून आइन्स्टाइन एप्रिलमध्येच वारला होता. सह्या करणाऱ्या अकरा जणांत रॉटब्लाट होता, आणि ज्याने १९३९ मध्ये निबंध छापला तो जोलियो-क्यूरीही. शास्त्रज्ञांची पहिली परिषद दिल्लीत भरावी म्हणून नेहरूंनी आमंत्रण दिले होते. सुएझच्या संकटामुळे ते जमले नाही आणि जुलै १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या खेड्यात २२ शास्त्रज्ञ जमले. तेव्हा दिल्लीला जमले असते तर ‘पगवॉश चळवळ’ हे नाव आज कोणाला माहीतही नसते.

नेहरूंच्या दिल्लीत मात्र दुसरीही एक गोष्ट चालू होती. होमी भाभांनी टाटा विश्वस्तांना मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पत्र लिहिले ते मार्च १९४४ मध्ये, हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला. संविधान सभेत एका सभासदाने विचारले की यातली गुप्तता ब्रिटिश कायद्याहूनही जास्त का? शांततेचा उपयोग आणि संरक्षणाचा उपयोग यांत भेद कसा करायचा ते मला समजत नाही, अशी कबुली नेहरूंनी दिली. या प्रांजळ उत्तरानंतरही गुप्तता राहिली. अमेरिकेत तरुण शास्त्रज्ञांनी कायद्याचा मसुदा पाडला. आपल्याकडे असा कायदा पाडायला शास्त्रज्ञच वेगळे उरले नव्हते. बहुतेक पदार्थविज्ञांची भाकर त्याच खात्याकडून यायची होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने बॉम्ब फोडल्यावर आठवड्याभरात भाभांनी आकाशवाणीवरून सांगितले की १० किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाख रुपयांत होतो. आकडा अमेरिकी अंदाजावरून घेतलेला. अणुभट्ट्या, प्लुटोनियमचे कारखाने, विमाने यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. राजकारण्यांनी मात्र आकडा पाठ केला.

भाभांच्याच संस्थेत एक माणूस होता ज्याने हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडला. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले गणिती. इतिहासकार म्हणून आपण त्यांना जास्त ओळखतो. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करायचे, गाडीत वाचायचे आणि संस्थेतल्या मोठ्या माणसांना न आवडणारे बोलायचे, असा त्यांचा परिपाठ. जागतिक शांतता परिषदेचे ते सभासद होते. विज्ञानाचा खर्च जो वर्ग करतो तो त्याची दिशा ठरवतो, हे त्यांनी आग्रहाने लिहिले. अणू की सूर्य, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सूर्य असे होते. या देशात ऊन फुकट आहे, सौर साधने खेडोपाडी विखुरता येतात, त्यांना प्रचंड भांडवल लागत नाही. आणि त्यांचा बॉम्ब होत नाही, हेही त्यात आलेच. १९६० मध्ये पुण्यातल्या भाषणात त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चाची पुन्हा चिरफाड केली.

१९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. कारणे एकच नव्हती. रीमान सिद्धांतावरचा त्यांचा एक वादग्रस्त निबंधही कारणांत होता आणि स्वभावाचे कंगोरे तर सर्वश्रुत. त्यामुळे ‘शांततावादी म्हणून हाकलले’ एवढे सोपे वाक्य लिहिण्याचा मोह टाळावा लागतो. पण भाभांशी अणुऊर्जेवरून मतभेद होते आणि संस्था भाभांची होती, हेही खरे आहे. जानेवारी १९६६ मध्ये भाभा आल्प्समधल्या विमान अपघातात गेले. जूनमध्ये पुण्यात कोसंबी झोपेतच गेले. भाभांचे नाव तुर्भ्याच्या केंद्राला १९६७ मध्ये दिले गेले. १९७४ च्या पोखरणचे काम त्याच केंद्रात झाले, आणि १९९८ च्या पोखरणला वर्दी घालून गेलेल्यांत त्या केंद्राचीही माणसे होती.

त्या १९९८ मध्ये या देशातल्या काही शास्त्रज्ञांनी चाचण्यांविरुद्ध निवेदने काढली, ‘अण्वस्त्रांविरुद्ध भारतीय शास्त्रज्ञ’ या अर्थाचे नाव घेऊन संघटना केली. सीमेपलीकडे परवेझ हूडभॉय आणि अब्दुल हमीद नय्यर हे पदार्थविज्ञ तेच करत होते. बंगलोरला अमूल्य रेड्डी यांनी उघडपणे विरोध केला. ऊर्जेवर ग्रामीण भारताच्या दृष्टीने आयुष्यभर काम केलेला तो माणूस. या निवेदनांवर सह्या करणाऱ्यांत विद्यापीठांतले आणि मूलभूत संशोधनसंस्थांतले लोक होते. अणुऊर्जा खात्यात नोकरी करणाऱ्यांच्या सह्या शोधाव्या लागत होत्या. शिकागोत युद्ध चालू असताना, हेर मागावर असताना, ७० जणांनी सही केली होती.